ओढ्यात पुन्हा ओंडके टाकताना

गेल्या महिन्यात प्रिझमवर, म्हणजे वॉशिंग्टन राज्याच्या अनुदानांच्या पोर्टलवर, सॅमन माशांसाठी ओढा सुधारण्याच्या आमच्या प्रकल्पासमोर 'पूर्ण' असा शेरा दिसला. शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरातल्या पहिल्या भेटीपासून त्या शेऱ्यापर्यंत सहा वर्षं गेली. कुठल्या कागदाआधी कुठला कागद लागतो, कुठे किती थांबावं लागतं, हे कोणी क्रमाने सांगितलं असतं तर पुष्कळ रात्रींची झोप वाचली असती. सिएटल-पोर्टलंडकडे नदीच्या कामात उतरलेली मराठी माणसं आता अधूनमधून भेटतात. मुख्यतः त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी मूळची संगमेश्वर तालुक्यातली. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की नदीतून पऱ्यात आणि पऱ्यातून भाताच्या खाचरात उलटे चढणारे मासे आम्ही लहानपणी धरायचो. चढणीचे मासे. नोव्हेंबर २०१८ मध्ये स्नोक्वाल्मी नदीच्या खोऱ्यात एका संस्थेच्या वृक्षलागवडीला स्वयंसेवक म्हणून गेले होते. तिथे घोटाभर पाण्यात अंगाला लाली चढलेला हातभर कोहो सॅमन दगडांवरून स्वतःला ढकलत वर जाताना पाहिला. आमच्याकडचे मासे अंडी घालून परत नदीत उतरतात. हा इथेच मरतो, आणि त्याच्या कुजलेल्या शरीरावर ओढ्यातले किडे आणि काठावरची झाडं पोसतात. त्या दिवशी घरी आल्यावर बराच वेळ कोणाशी बोलावंसं वाटेना. दोन महिन्यांनी मी त्याच छोट्या संस्थेत अर्धवेळ कामाला लागले. आधी हिशेब सांभाळायला, मग प्रकल्प सांभाळायला.

ओढ्याचं नाव देत नाही, कारण दोन्ही काठ खासगी शेतांचे आहेत. लांबी साधारण सहाशे मीटर. एकेकाळी वळणं घेत वाहणारा, नंतर शेतीसाठी सरळ चर करून टाकलेला. मध्ये गाड्या नेण्यासाठी पत्र्याच्या नळीची मोरी. तिचं खालचं तोंड पाण्यापासून दोन फूट वर लटकत होतं, म्हणजे लहान माशाला वरचा रस्ता बंद. काठावर हिमालयन ब्लॅकबेरीचं काटेरी रान, पाण्यावर सावली नाही, तळाला गाळ आणि पात्रात एकही ओंडका नाही.

ओंडक्यांचं महत्त्व मला तेव्हा माहीत नव्हतं. कोहोचं पिल्लू समुद्रात जाण्याआधी वर्षभर गोड्या पाण्यात वाढतं. हिवाळ्यातल्या पुरात त्याला आडोसा लागतो, उन्हाळ्यात गार डोह लागतो. पडलेल्या मोठ्या झाडामुळे पाणी वळतं, खालची माती खणली जाऊन डोह होतो, खडी एकीकडे आणि गाळ दुसरीकडे साचतो. अंडी घालायला ती खडीच हवी असते.

जानेवारी २०१९ मध्ये मी त्या शेतावर पहिल्यांदा गेले. मालक सत्तरीपुढचे, तीन पिढ्यांचे दुग्धव्यावसायिक. कॉफी पुढे ठेवून ते म्हणाले, "माझ्या वडिलांनी ट्रॅक्टर लावून या ओढ्यातले ओंडके बाहेर ओढले. सरकारी माणसानेच सांगितलं होतं, माशांची वाट अडते म्हणून. आता तुम्ही तेच ओंडके आत टाकायला आलात."

त्यांचं खरं होतं. विसाव्या शतकाच्या मध्यावर इथल्या मत्स्यखात्यांनीच कित्येक ओढे 'साफ' करून घेतले. तेव्हाचं शास्त्र तसं होतं. माझ्या हातात आमच्या अभियंत्याने रेघा मारलेला नकाशा होता, तो मी पिशवीतून काढलाच नाही. पुढच्या वेळी ओढ्याचा हवाई फोटो मोठा छापून नेला, कोरा, आणि सोबत पेन. पूर कुठून येतो, गाई कुठे चिखलात रुततात, लहानपणी मासे कुठे दिसायचे, हे त्यांनीच त्यावर काढलं. तो फोटो शेवटपर्यंत आमच्या आराखड्याच्या भिंतीवर होता. नव्याने काम सुरू करणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच, की रेघा मारलेला नकाशा घेऊन कोणाच्या दारात जाऊ नका.

पाच भेटी झाल्यावर ते हो म्हणाले, पण एका अटीवर. उत्तरेकडचे दोन एकर त्यांनी एका ह्मोंग कुटुंबाला फुलशेतीसाठी भाड्याने दिले होते, त्यांचं नुकसान होता कामा नये. लाओसमधून आलेली ह्मोंग कुटुंबं या खोऱ्यात बरीच आहेत, सिएटलच्या बाजारातले डेलियाचे गुच्छ पुष्कळदा त्यांच्याच शेतातले असतात. अनुदान देणाऱ्यांना काठावर रुंद झाडपट्टा हवा असतो आणि भाड्याच्या दोन एकरांत फुलं पिकवणाऱ्याला एकेक वाफा मोलाचा असतो. घरातल्या आजींशी त्यांच्या नातीमार्फत बोलणं व्हायचं. आजींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमच्या झाडांची सावली माझ्या फुलांवर पडली तर?" उत्तर निघालं ते असं: पाण्यावर सावली पाडण्याचं काम दक्षिण काठावरची झाडं करतात, म्हणून उंच सीडर आणि स्प्रूस त्या बाजूला तीस मीटर पट्ट्यात, आणि आजींच्या काठाला आठच मीटर, त्यातही बुटकी वाळुंज आणि डॉगवूडची झुडपं. पुढे परीक्षकांनी या आठ मीटरवर दोनदा शंका काढली. दोन्ही वेळा आम्ही मागे हटलो नाही.

पैशांचं सांगते. राज्याचं सॅमन रिकव्हरी फंडिंग बोर्ड १९९९ पासून आहे, आणि त्याचा कारभार रिक्रिएशन अँड कन्झर्व्हेशन ऑफिसकडे असतो. अर्ज थेट तिथे जात नाही. आधी आपल्या खोऱ्याच्या समितीकडे जातो. तिथे एक गट शास्त्र तपासतो, दुसरा स्थानिक नागरिकांचा गट क्रमवारी लावतो. वसंतात राज्याचे परीक्षक जागेवर येऊन पाहतात, उन्हाळ्याच्या सुरुवातीला अंतिम अर्ज, सप्टेंबरात निर्णय. हे चक्र वर्षातून एकदाच फिरतं, म्हणून चुकलं की वर्ष गेलं. आम्ही आधी फक्त आराखड्यासाठी मागितले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ९६,००० डॉलर मिळाले. जागेवरच्या भेटीला शेतकऱ्याला बोलवायला विसरू नका. आमच्या परीक्षकांनी माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त प्रश्न विचारले आणि त्यांच्या उत्तरांनीच पुढचे बरेच कागद सोपे झाले.

आता माझी चूक सांगते. २०२० मध्ये आराखडा तीस टक्क्यांवर आला, आणि तेव्हा मी तो इथल्या मूळनिवासी जमातीच्या मत्स्यविभागाकडे पाठवला. सोबत 'आपले अभिप्राय कळवावेत' असं पत्र. उत्तर आलं नाही, आणि मला आधी वाईट वाटलं. मग आमच्या संचालकांनी मला समजावलं. १८५५ च्या पॉइंट इलियट तहात जमातींनी जमीन दिली पण मासेमारीचा हक्क राखून ठेवला. १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला की धरता येण्याजोग्या माशांतला अर्धा वाटा तहातल्या जमातींचा आहे. तेव्हापासून राज्य आणि जमाती मिळून या माशांचं व्यवस्थापन करतात. ज्यांचा अर्धा वाटा आहे, त्यांना मी तयार आराखड्यावर मत देणाऱ्या शेजाऱ्यासारखं पत्र पाठवलं होतं.

मी फोन केला, माफी मागितली आणि आराखडा बाजूला ठेवून ओढ्यावर चालायला याल का असं विचारलं. करोनाचे दिवस, तोंडाला मास्क, सहा फुटांचं अंतर. त्या जीवशास्त्रज्ञ बाई सकाळपासून दुपारपर्यंत आमच्याबरोबर चालल्या. मोरीच्या वर दीडशे मीटरवर, ब्लॅकबेरीच्या झुडपाखाली, त्यांनी पाण्यात हात घातला आणि आम्हालाही घालायला लावला. तिथे जमिनीतून झरा येत होता. ऑगस्टमध्ये उघड्या भागात आमच्या तापमापकाने १९ अंश नोंदवले होते. झऱ्याजवळ १३. इथल्या सॅमनच्या मुख्य पात्रांसाठी राज्याची उन्हाळी मर्यादा १६ अंशांची आहे. आमच्या आराखड्यात ओंडक्यांच्या रचना सगळ्या खालच्या अंगाला होत्या, कारण तिथे पोकलेन सहज पोहोचत होतं. आराखडा पुन्हा केला. सात महिने आणि १८,००० डॉलर जास्त गेले, पण मोठ्या रचना झऱ्याच्या आसपास आल्या. तो झरा आम्हाला कुठल्याही मोजणीत सापडला नव्हता.

जून २०२१ मध्ये बांधकामाचा अर्ज केला. एकूण ३,८८,००० डॉलर, त्यातला १५ टक्के हिस्सा, म्हणजे ५८,२०० डॉलर, आमच्याकडून. निधी सप्टेंबरात मंजूर झाला. हा हिस्सा रोख असावा लागत नाही. दान मिळालेली झाडं आणि स्वयंसेवकांचे तास धरता येतात. पण तासांना हजेरीपत्रक लागतं: नाव, सही, आल्या-गेल्याची वेळ, काय काम केलं. एका शनिवारचं आमचं पत्रक पावसात भिजलं आणि ३१ माणसांचे तास हिशेबात आलेच नाहीत. तेव्हापासून मी पत्रकाचा फोटो जागेवरच काढते. दुसरं म्हणजे हे अनुदान परताव्याचं असतं. आधी आपण खर्च करायचा, मग बिल लावायचं. लहान संस्थेने बँकेकडून तात्पुरत्या उचलीची सोय आधीच करून ठेवावी, नाहीतर ठेकेदाराच्या पहिल्याच मोठ्या बिलाला हात बांधले जातात.

शेतकऱ्याशी दहा वर्षांचा करार याच काळात झाला. त्यांनी तो वकिलाला दाखवला आणि सात आठवडे घेतले. आम्ही घाई केली नाही. त्यांनी एकच कलम वाढवलं, शेतात येण्याआधी ४८ तास कळवायचं. साधी गोष्ट, पण ती पाळल्यामुळेच ते पुढची वर्षं आमच्याबरोबर राहिले असं मला वाटतं.

परवानग्यांचा भाग सगळ्यात दमवणारा. नदी-ओढ्याच्या कामाला जार्पा नावाचा एकच सामाईक अर्ज असतो. तो भरला की राज्याचा मत्स्य विभाग, इकॉलॉजी विभाग आणि केंद्राची आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स अशा सगळ्यांना तोच पाठवता येतो. मत्स्य विभागाचा हायड्रॉलिक परवाना आम्हाला माशांच्या अधिवास-सुधारणेसाठीच्या सोप्या मार्गाने मिळाला. त्या मार्गात ४५ दिवसांत निर्णय येतो, फी नसते आणि राज्याच्या पर्यावरण कायद्याखालचा वेगळा आढावा लागत नाही. आर्मी कोअरकडे अशा कामांसाठी २७ क्रमांकाचा देशव्यापी परवाना आहे. प्यूजेट साउंड या इथल्या खाडीचा चिनूक, म्हणजे सॅमनचीच एक जात, १९९९ पासून आणि स्टीलहेड, म्हणजे समुद्रात जाऊन येणारा ट्राउट, २००७ पासून संरक्षित यादीत असल्यामुळे केंद्राच्या मत्स्य संस्थांचा सल्लाही लागतो. पुराच्या पट्ट्यात काम असल्याने पातळी वाढणार नाही याचं अभियंत्याचं गणित काउंटीला, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाला, हवं होतं. त्याला १४,००० डॉलर पडले. ते गणित मी आजींच्या नातीबरोबर बसून, आकडा आकडा समजावून दिलं. शेजाऱ्याच्या मनातली पुराची भीती काउंटीच्या शिक्क्याने जात नाही.

मत्स्य विभागाचा परवाना मार्च २०२२ मध्ये आला. अडलो ते पुरातत्त्वाच्या तपासणीवर. जमीन खणण्याआधी तिथे जुन्या वस्तीच्या खुणा आहेत का हे पाहणं केंद्राच्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि जमातींशी त्याबद्दल बोलणंही. आमच्या पुरातत्त्वज्ञाने छोटे खड्डे घेतले, जुन्या दुधाच्या बाटल्यांच्या काचांपलीकडे काही सापडलं नाही, अहवाल एप्रिलमध्ये गेला. एका कार्यालयात तो दुसऱ्याच प्रकल्पाच्या क्रमांकाखाली जमा झाला. आम्ही समजत होतो की आढावा चालू आहे. ते समजत होते की अहवाल आलेलाच नाही. जुलैच्या शेवटी हे कळलं.

आमच्या परवान्यात पाण्यातल्या कामाची मुदत १ जुलै ते ३१ ऑगस्ट होती. पाणी सर्वांत कमी, आदल्या हिवाळ्यातली पिल्लं खडीतून बाहेर पडलेली, आणि शरदातले मोठे मासे अजून यायचे, अशी ही दोन महिन्यांची फट. सही ९ सप्टेंबरला आली आणि २०२२ चं वर्ष हातचं गेलं. शेतकऱ्याला फोन करताना माझा आवाज थरथरत होता. ते म्हणाले, "गवत कापायची वेळ गेली की आम्हीही पुढच्या वर्षाचीच वाट बघतो." मी फोन ठेवून गाडीत बसून रडले.

त्या एका वर्षाने ठेकेदाराचं अंदाजपत्रक ४१,००० डॉलरने वाढलं. निम्मी रक्कम वाढीव मागणीतून मिळाली, बाकीसाठी अकरापैकी दोन रचना सोडाव्या लागल्या. कुठल्या सोडायच्या हे शेतकरी, जमातीच्या जीवशास्त्रज्ञ बाई आणि अभियंता यांनी ओढ्यावर उभं राहून ठरवलं. तेव्हापासून मी दर पंधरा दिवसांनी प्रत्येक कार्यालयाला फोन करते आणि 'मिळालं का' असं न विचारता 'आमची फाइल कुठल्या क्रमांकाखाली आहे' असं विचारते. कोणी रागावत नाही.

१० जुलै २०२३ ला पोकलेन शेतात उतरलं. त्याआधी ८११ ला फोन करून जमिनीखालच्या तारा-नळ्यांची खूण करून घेतली होती. पहिले दोन दिवस फक्त मासे हलवण्यात गेले. दोन्ही टोकांना जाळी, मधल्या भागात ओढजाळं, आणि उरलेल्यांसाठी शेवटी प्रशिक्षित माणसाने सौम्य विजेचा धक्का देऊन. बादल्यांत हवा सोडणारे पंप लावलेले. मी नोंदवहीवर होते: कोहोची ४१२ पिल्लं, काही ट्राउट, स्कल्पिन, आणि चिखलातून निघालेले लॅम्प्री. प्रत्येक बादली वरच्या पाण्यात सोडताना शेतकरी काठावर उभे होते. "एवढे होते इथे?" असं दोनदा म्हणाले.

मग ओढा तात्पुरत्या नळीतून बाजूने वळवला. जुनी मोरी काढली, तिथे नऊ मीटरचा पूल आला. मी घरी त्याला साकवच म्हणते. मुळांसकट आणलेले ओंडके उतारावर रोवले, काही एकमेकांत अडकवले, काही काठात निम्मे पुरले. दर तासाला खालच्या अंगाला पाण्याचा गढूळपणा मोजायचा आणि मर्यादा ओलांडली तर काम थांबवायचं. दोनदा थांबवलं. ठेकेदाराचा एक चालक मुळांचं बुडखं दर वेळी कसं वळवायचं ते अभियंत्यापेक्षा चांगलं जाणत होता. नकाशातल्या चौथ्या रचनेची जागा त्याच्या सांगण्यावरून तीन मीटर सरकवली. २४ ऑगस्टला पाणी पुन्हा पात्रात सोडलं. ते ओंडक्यांखालून वाट शोधत गेलं तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे नुसते बघत राहिले.

लागवड डिसेंबर ते फेब्रुवारी, चार शनिवार, २,६०० रोपं. आमच्या मराठी मंडळातली तीस-पस्तीस माणसं मुलांसकट आली, जमातीच्या शाळेतली मुलं आली, आजींची नात मैत्रिणींना घेऊन आली. पोहे आणि चहा आमच्याकडे होता. वाळुंजीच्या नुसत्या काठ्या जमिनीत दोन तृतीयांश रोवल्या की फुटतात, हे इथे शिकवावं लागतं. आमच्यातल्या एका काकांनी शेवग्याची फांदी लावतात तसं म्हणून मुलांना झटकन दाखवलं. लागवडीच्या दिवशी खोदकामाच्या पहारी माणसांच्या निम्म्या असाव्यात. एकाने खणायचं, एकाने लावायचं, म्हणजे गप्पा होतात आणि रोपही सरळ लागतं.

१४ नोव्हेंबर २०२४ च्या सकाळी शेतकऱ्याचा फोन आला. पुलाच्या वर, झऱ्याच्या अलीकडच्या खडीत, दोन. मी पोहोचले तेव्हा मादी शेपटीने खडी उकरत होती. आजी आधीच काठावर उभ्या होत्या. बोलायला त्या वेळी नात नव्हती, आणि लागलीही नाही.

डिसेंबरात बीव्हरने दक्षिण काठावरची साठेक झाडं कुरतडली आणि तिसऱ्या रचनेला टेकून बांध घातला. पिल्लांसाठी तो डोह उत्तम आहे, पण पाणी आजींच्या शेवटच्या दोन वाफ्यांपर्यंत आलं. सीडरच्या बुंध्यांना जाळी गुंडाळून झाली. बांध न तोडता पाण्याची पातळी धरून ठेवणारी नळी बसवायचं ठरलं आहे. जीवशास्त्रज्ञ बाई आणि शेतकरी जागा बघून गेले, उंची आजींनी काठीवर खूण करून दाखवली. या नळीलाही मत्स्य विभागाचा परवाना लागतो. अर्ज मंगळवारी भरला, आणि या वेळी फाइलचा क्रमांक त्याच दिवशी विचारून घेतला.